पेनिमन यांची एकोणीस बाद मतं

आमच्या ह्यांना, म्हणजे इरॅस्टस पेनिमन यांना, पक्षाने लेफ्टनंट गव्हर्नरपदासाठी, म्हणजे राज्याच्या गव्हर्नरच्या खालोखालच्या पदासाठी, उभं केलं, तेव्हापासून मी एकच सांगत होते: "अहो, नाव छापलेल्या चिठ्ठ्या वाटा."

"इथे सगळे ओळखतात मला. कोऱ्या चिठ्ठीवर नाव हाताने लिहितील."

"ओळखणं वेगळं, लिहिणं वेगळं!"

पण ऐकतील तर ना!

सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी गावच्या सभागृहात मतदान झालं. आम्हा बायकांना मत नव्हतंच, आम्ही मागच्या बाकांवर. दुपारी चर्चचे डीकन होलिस बर्बँक पेटी उघडून एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचू लागले.

"पेनमन."

"पिनिमॅन."

"रॅस्टस मेंढ्यावाला."

लोक खो खो हसले. डीकन काटेकोर, नाव धड नसेल तर चिठ्ठी बाजूला. अशा एकोणीस झाल्या.

"इरॅस्टस, ही तुझीच मतं ना? हो म्हण, मोजतो," डीकन म्हणाले. विरोधी पक्षाचे लोकसुद्धा म्हणाले, "मोजा की!"

हे उठले. "दुसऱ्याच्या मनातलं मी कसं सांगू? बाद करा."

"मेंढ्यावाला रॅस्टस दुसरा कोण आहे हो इथे?" मी मागून ओरडले.

"लुक्रीशिया, बस खाली."

बसले. करते काय!

आठवड्याने राज्याचा निकाल लागला. हे अकरा मतांनी पडले. अकरा! मी तरातरा गोठ्यात गेले. हे मेंढीचे खूर तासत होते, आणि चक्क गुणगुणत होते.

"तुम्हाला ते पद नकोच होतं, हो ना?"

खूर हातातून सुटला. "राजधानीत बसून दुसऱ्यांची भाषणं ऐकायची, आणि गव्हर्नर मेला तरच खरं काम. कुणाला हवंय?"

"मग उभे कशाला राहिलात?"

"चार माणसं घरी आली. नाही म्हणवेना. तूच त्यांना कॉफी दिलीस."

"कॉफी दिली, शब्द नव्हता दिला!"

दोन दिवस मी घरात कॉफीच केली नाही. तिसऱ्या दिवशी पक्षाचे जोसाया टटल दारात हजर. पुढच्या निवडणुकीलाही ह्यांनीच उभं राहावं, म्हणे.

"नाही," मी म्हणाले.

"अहो वहिनी, पण इरॅस्टसला तरी विचारा!"

"त्यांना विचारूनच तर एवढा घोळ झाला," मी म्हणाले, आणि टटल टोपी सावरत असतानाच दार लावून घेतलं.