थोरल्यावरची वेल

दादाचा फोन आला तेव्हा मी दात घासत होते. घरामागचं रान लाकूडवाल्याला द्यायचं ठरतंय, असं तो म्हणाला आणि मी तोंडातला फेस गिळला. वेलींनी झाडं खाऊन टाकली आहेत, आणखी थोडे दिवस गेले तर लाकूडही कामाचं राहणार नाही, मग आत्ताच का नको, असा त्याचा साधा सरळ हिशेब होता. असे साधे सरळ हिशेब ऐकले की माझ्या डोक्यात तिडीक जाते. घरात मला उगाच ‘ठिणगी’ म्हणत नाहीत.

रान म्हणजे मागच्या दारापासून ओढ्यापर्यंतची आमची झाडी, बाबांनी जिवापाड राखलेली. तिच्या मधोमध थोरला उभा आहे. इतर झाडांपेक्षा तो हातभर नव्हे, चांगला दोन मजले उंच, म्हणून बाबांनी त्याला हे नाव दिलं. मी झाडावर चढायला त्याच्यावरच शिकले, पडायलाही त्याच्यावरूनच. साठलेली सगळी रजा काढून मी दुसऱ्या दिवशी दादाच्या दारात उभी राहिले आणि चप्पल काढायच्या आधी भांडायला सुरुवात केली.

शेवटी ठरलं ते असं. पालवीच्या दिवसांत थोरल्याला नवं पान फुटलं तर लाकूडवाल्याला नाही म्हणायचं. नाही फुटलं तर मी तोंड उघडायचं नाही. दुसरी अट मला जास्त जड होती.

वहिनी माझ्या बाजूनं उभी राहिली. ती दातांची डॉक्टर. तिच्या हाताला गुण आहे असं सगळे पेशंट सांगतात, पण तो गुण माणसांपुरताच. झाडांच्या बाबतीत तिचा हात म्हणजे काळ. तिच्याकडे निवडुंगसुद्धा जगला नव्हता. अपवाद फक्त एक. लग्नानंतर पहिल्याच वर्षी एका पेशंट आजींनी दाढदुखी थांबल्याच्या आनंदात तिला एक काडी आणून दिली होती. ती काडी जगली, घराच्या कडेला रानाकडे तोंड असलेल्या व्हरांड्याचे खांब चढली, आणि दरवर्षी जांभळ्या घोसांचा असा पडदा सोडू लागली की येणारा जाणारा थांबून बघायचा. त्या पडद्याआड बसून वहिनी सकाळचा चहा घेते. पाहुणा आला की आधी वेल दाखवते, मग पाणी देते.

आम्ही बाह्या सरसावून रानात शिरलो. रानातल्या वेलींचे बुंधे माझ्या मांडीएवढे. मला कसला धीर. मी दादाच्या गाडीला दोर बांधला, दुसरं टोक वेलीला, आणि गाडी दामटली. वेल जागची हलली नाही. वरची वाळलेली फांदी मात्र सुटून थेट बॉनेटवर आली. दादा बाहेर आला, त्यानं बॉनेट बघितलं, मला बघितलं आणि आत गेला. वहिनी हसून हसून पाचोळ्यात बसली.

“सुजलेल्या हिरडीतला दात कोणी असा ओढतं का, वन्सं?” ती म्हणाली. मला चिडवायचं असलं की ती मला वन्सं म्हणते.

मग तिनं काम आपल्या हातात घेतलं. वेल ओढायचीच नाही. गुडघ्याशी एक काप, छातीशी एक काप, मधला तुकडा काढून टाकायचा. वरचा भाग झाडावर तसाच सोडायचा, तो आपोआप वाळतो आणि सवडीनं खाली येतो. खालचं मूळ खणून काढायचं. करवत चालवून आमचे हात भरून आले, हातमोजे फाटले, पण मजा म्हणाल तर लहानपणी चिंचा पाडताना आली नव्हती इतकी आली. वहिनी दवाखान्यातून यायची, ॲप्रन काढायची आणि करवत घ्यायची. एकेका झाडाभोवती वेलीची पानं पिवळी पडायला लागली, मग तपकिरी. झाडांच्या गळ्याचा फास सुटल्यासारखं झालं.

थोरल्यावरची वेल तेवढी हिरवीगार राहिली.

आम्ही त्याच्या बुंध्याभोवती फेऱ्यावर फेऱ्या घातल्या. वेलीचे सगळे बुंधे कापलेले, मुळं खणलेली, तरी वर एक पान सुकायला तयार नाही. दादा संध्याकाळी कप घेऊन यायचा, वर बघायचा आणि गप्प जायचा. बोलला असता तर परवडलं असतं. मी सगळा राग वहिनीवर काढला, एखादा बुंधा तुझ्याच नजरेतून सुटला असणार म्हणाले. तिचा चेहरा उतरला. मला लगेच वाईट वाटलं, पण तोंडातून गेलेलं परत कुठे घेता येतं.

थकून मी तिथेच पाचोळ्यावर आडवी झाले. आणि उताणं पडल्यावर मला दिसलं. थोरल्यावरची ही हिरवी वेल खालून वर चढलेलीच नव्हती. ती शेजारच्या झाडाच्या शेंड्यावरून, वाळलेल्या पानांतून हिरवा दोर ओढल्यासारखी त्याच्याकडे आली होती. इतके दिवस आम्ही माना खाली घालून शोधत होतो.

आम्ही दोघी वर बघत चालायला लागलो. या झाडावरून त्या झाडावर, ठेचा खात, एकमेकींना धरत. शेवटच्या झाडावरून वेल आमच्या घराच्या छपरावर उतरली होती. छपरावरून ती व्हरांड्याकडे वळली होती.

वहिनी तिथेच थांबली. रानाच्या सावलीत वेलीला फुलं येत नव्हती, नुसती पानं, म्हणून आम्हा कुणाला ओळख पटली नव्हती. इथे मात्र घोस लगडले होते आणि खाली तिची खुर्ची होती.

जिच्या जिभेला हाड नाही अशी मी, पण माझा आवाज आपोआप खाली आला. म्हणाले, छपराच्या कडेलाच कापू, खालचं राहू दे. रान गेलं तर गेलं, असंही म्हणाले, आणि त्या क्षणी ते मनापासून म्हणाले.

वहिनीनं खांबाजवळचा बुंधा चाचपला. “पुन्हा चढेल ती,” ती म्हणाली. “करवत दे इकडे.”

मला हात लावू दिला नाही तिनं. गुडघ्याशी एक काप, छातीशी एक काप. शेवटी तिचे डोळे भरून आले, आणि त्यातच हसूही फुटलं. “आयुष्यात एक झाड जगवलं, तेही गुंड निघालं.”

दादा दारात उभा होता. त्यानं कुदळ आणली आणि मूळ खणायला लागला, कोणी न सांगता.

माझी रजा संपली, मी परतले. पालवीच्या दिवसांत एका सकाळी फोन वाजला तेव्हा मी पुन्हा दातच घासत होते. वहिनी एवढंच म्हणाली, “वन्सं, या.”

गेले तेव्हा दोघं व्हरांड्यात होती. पडदा गेल्यामुळे ऊन थेट खुर्चीपर्यंत आलं होतं, आणि खुर्चीतून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, झाडांच्या वर डोकं काढलेला थोरला दिसत होता. शेंड्यापासून खालपर्यंत कोवळ्या, तांबूस पानांनी भरलेला. लाकूडवाल्याला दादानं केव्हाच ‘नाही’ म्हणून कळवून टाकलं होतं, आणि झाडं विकायची कल्पना आपल्याला पहिल्यापासून पटली नव्हती असंही तो आता सांगत होता. मी इतकी खूश होते की त्यावरसुद्धा भांडले नाही.

वहिनी रिकाम्या खांबाकडे बघून म्हणाली, इथे आता काय लावायचं, माझ्या हातून काही जगत नाही.

दादानं कप थोरल्याकडे केला. “मग ते झाड कुणाच्या हातून जगलं?”

 वहिनीनं माझ्यासाठी खुर्ची ओढली, आणि पाणी द्यायच्या आधी मला थोरला दाखवला.