निळ्या चिंधीच्या बाटल्या

केझियाच्या परसात घेवड्याच्या मांडवामागे सेलरीच्या ओळीच्या ओळी लावलेल्या दिसल्या आणि मलिंडा टोपली हातात धरून जागच्या जागी उभी राहिली.

एकट्या विधवा बाईला, पोर ना बाळ, एवढी सेलरीची भाजी कशाला? जुन्या रीतीनं राहणाऱ्या आमिश ख्रिस्ती लोकांच्या वस्तीतलं शेंबडं पोरही सांगेल. लग्नाच्या पंगतीला सेलरी लागते, आणि ती ढिगानं लागते. पाद्री भर प्रार्थनेत नावं पुकारेपर्यंत नवरानवरी तोंडातून अवाक्षर काढत नाहीत. पण जमिनीत लावलेली सेलरी कुठे लपणार?

"अगं भवाने, मला सांगितलंसुद्धा नाहीस!" मलिंडा हसत वळली. जिवाभावाची मैत्रीण होती हो ती. "कोण आहे? आता तरी सांगशील?"

केझिया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एप्रनला हात पुसत राहिली. हात मघाशीच कोरडे झाले होते.

मलिंडाचं हसू ओसरलं. टोपलीत रूट बिअरच्या बाटल्या होत्या, आणि त्या एनॉससाठी होत्या.

"एनॉस?" तिनं विचारलं.

केझियानं मान खाली घातली.

एनॉसची बायको वारली तेव्हा दोन लहानग्या मुली मागे राहिल्या. केझिया त्या बायकोची मावसबहीण, त्यामुळे मुलींच्या वेण्या घालायला ती त्या घरी जायची, आणि कुणाला काही वाटायचं नाही. मलिंडा भावाच्या घरी राहणारी, लग्नाचं वय मागे टाकून आलेली. तिला एनॉस आवडायचा. हे तिनं फक्त केझियाला सांगितलं होतं, तेही कपडे वाळत घालताना, ओल्या चादरीच्या आडून.

"तू जाऊ नकोस हं तिकडे," केझिया तेव्हा म्हणाली होती. "लोकांच्या जिभेला काही हाड असतं का? काय द्यायचं ते तू कर, मी नेते. मी आहे ना!"

मी आहे ना! या तीन शब्दांवर मलिंडा दोन उन्हाळे जगली.

रूट बिअरच्या नावात बिअर असली तरी तिनं कुणी झिंगत नाही. तिथली तान्ही सोडून सगळी पोरं ती पितात. पण मलिंडाच्या हातची गोष्टच वेगळी. कोमट पाण्यात साखर विरघळवायची, मुळांच्या अर्काच्या काळ्या बाटलीतला अर्क मोजून घालायचा, यीस्ट घालायचं आणि काचेच्या बरण्या अंगणातल्या दगडावर उन्हात ठेवायच्या. आत चार बेदाणे टाकायचे. ते फुगून वर आले की समजायचं, झाली. मग बाटल्यांत भरून गार करायला झऱ्यावरच्या कोठीत. उरलेल्या अर्काची ती बिस्किटं करायची, वर त्याच वासाची साखर, मुलींसाठी. घरातले म्हणायचे, आम्हाला ठेवशील की नाही थोडी? तर ही म्हणायची, पुढच्या वेळी.

बाटलीवर नाव कसं लिहायचं? पण ओळख तर पटायला हवी. म्हणून बुचाभोवती ती स्वतःच्या निळ्या झग्याच्या उरलेल्या कापडाची चिंधी बांधायची. तसला निळा वस्तीत दुसऱ्या कुणाच्या अंगावर नव्हता. आणि केझिया परत येऊन सांगायची, "थेंबही ठेवला नाही बघ! तुझंच कौतुक चाललं होतं." ते ऐकून मलिंडाला रात्री झोप यायची नाही. आता कळलं, ते कौतुक कुणाच्या पदरात पडत होतं.

तेवढ्यात मांडवामागून एनॉसच आला, हातात खुरपं, गुडघे मातीनं भरलेले. तोच खुरपत होता सेलरी. टोपलीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"एनॉस," मलिंडा म्हणाली, "ही कुणी केलीय, माहितीय तुला?"

"मलिंडा, नको गं," केझिया म्हणाली.

"तू गप्प बस. त्याला विचारतेय मी."

एनॉसनं चिंधीकडे पाहिलं, मग तिच्या झग्याकडे. "माहितीय. पहिल्या उन्हाळ्यातच ओळखलं होतं."

"ओळखलं होतंस? आणि तोंडाला कुलूप लावून बसलास?"

"हिला विचारलं होतं मी, मलिंडाच्या मनात काही आहे का म्हणून. ही म्हणाली, तसलं काही नाही, मुलींची दया येते म्हणून पाठवते. मला ते खरं वाटलं. तू एकदासुद्धा आली नाहीस."

"मला येऊ नकोस म्हणाली ही!" मलिंडाचा आवाज फाटला. "हीच म्हणाली, लोक बोलतील. माझ्या मनातलं मी जगात एकीलाच सांगितलं, आणि त्या एकीनं माझा गळा कापला!"

एनॉसनं केझियाकडे पाहिलं. मलिंडा वाट पाहत राहिली. तो आता काहीतरी बोलेल असं तिला वाटलं, देवाशपथ वाटलं.

केझिया रडायला लागली. "पहिल्यांदा खरंच तुझ्यासाठी जात होते गं. मग धाकटी मला आई म्हणायला लागली. मी काय करू?"

"मला सांगायचंस," मलिंडा म्हणाली. "रडले असते, भांडले असते. पण माझ्याकडून बाटल्या तरी भरून घेतल्या नसत्यास."

एनॉसनं खुरपं या हातातून त्या हातात घेतलं. "मुलींना सवय झालीय केझियाची," तो हळूच म्हणाला. मग मांडवामागे गेला. थोड्या वेळानं खुरप्याचा आवाज ऐकू यायला लागला.

मलिंडानं टोपलीतल्या बाटल्यांच्या चिंध्या एकेक करून सोडल्या आणि खिशात टाकल्या. एक बाटली उघडून तिथंच उभ्यानं प्यायली. छान झाली होती. टोपली उचलून ती फाटकापर्यंत गेली आणि थांबली.

"माझ्या रिकाम्या बाटल्या पडल्यात तुझ्याकडे," ती म्हणाली. "धुऊन आण. आणि केझिया, कुणाच्या हाती पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये."