कोपऱ्यातल्या खोलीची हवा

ग्रंथालयाच्या इमारतीला हरित मानांकन मिळवून द्यायचं काम फुंकरकडे आलं, तेव्हा ती मनापासून सुखावली. नोकरीचं पहिलं वर्ष तिने याच, तेव्हा नव्याने बांधलेल्या इमारतीत काढलं होतं, सख्ख्या काकांच्या हाताखाली. काका हवा खेळवणारे इंजिनिअर आणि ती नुकती पदवी घेऊन आलेली पुतणी. पहिल्या दिवशी हवेचा मीटर चालतो का हे बघायला तिने त्यावर फुंकर मारली आणि ऑफिसात तिचं तेच नाव पडलं. आता तिने पन्नाशी ओलांडली होती, हाताखाली चार माणसं होती, तरी काकांच्या तोंडी अजून फुंकरच.

काय दिवस होते ते! शिडीचं एक टोक काकांच्या खांद्यावर, दुसरं तिच्या. काका तळघरात पंख्यापाशी, ती वर. जिन्यातून एकमेकांवर ओरडून दोघांचे घसे बसायचे. छताच्या प्रत्येक जाळीला मीटर लावायचा, आकडा कागदावर घ्यायचा. "हवा दिसत नाही ना, मग मोजल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही," असं काका दिवसातून दहादा बजावायचे. आणि एका शनिवारी म्हणाले, "वरचा मजला आज तू एकटीने कर. आकडे तुझे, सही माझी." तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं होतं.

तो मजला ती आज पुन्हा मोजत होती. मानांकनात पाण्याचे गुण वेगळे, विजेचे वेगळे; पण वापरातल्या प्रत्येक खोलीत ताजी हवा पुरेशी हवी ही अटच. एक खोली हुकली की बाकीच्या गुणांवर पाणी. सगळ्या खोल्या झोकात पास झाल्या. शेवटची, जुन्या मासिकांची कोपऱ्यातली खोली. तिथे सेकंदाला एकशे वीस लिटर हवा यायला हवी होती. मीटर नऊवर थांबला.

तिने शिडी लावली, छताचा एक चौकोन सरकवला आणि आत टॉर्च मारला. हवा वाहून आणणाऱ्या डक्टमधली झडप बंद होती. कारखान्यातून येताना हलू नये म्हणून बांधलेली तार अजून तशीच पिळलेली, गंजून काळी पडलेली. म्हणजे ही झडप कधी उघडलीच नव्हती.

जुन्या कागदावर मात्र या खोलीपुढे एकशे अठरा लिहिलं होतं. अक्षर तिचंच.

आणि तिला सगळं लख्ख आठवलं. त्या शनिवारी फाटकापाशी एक जण तिची वाट बघत उभा होता, जो पुढे तिचा नवरा झाला. एकच खोली उरली होती, शिडी हलवायचा कंटाळा आला होता. नकाशात एकशे वीस होतं. बरोब्बर एकशे वीस लिहिलं तर काकांना संशय येईल, म्हणून तिने दोन कमी केले. हवा मोजणाऱ्याचा खोटेपणा हा असा असतो, अगदी हिशोबशीर! मग ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरली होती.

पक्कड घेऊन तार तोडायला दोन मिनिटं लागली. मीटर एकशे एकवीसवर गेला. मानांकन पक्कं झालं. कोणाला कळणार होतं?

पण त्याच खोलीत काकू अकरा वर्षं बसली होती. जुन्या मासिकांचा सगळा विभाग तिचा, आणि तिचा त्यावर जीव. रोज दुपारी तिचं डोकं ठणकायचं. "अहो, त्या खोलीत हवाच नाही," ती सांगायची. काका कागद पुढे करायचे, "एकशे अठरा आहे! डोळे तपासून घे." डोळे तपासले, चष्मे बदलले, डॉक्टरही करून झाले. शेवटी काकूने नोकरी सोडली. पुढे घरात चार माणसं जमली की काका हमखास म्हणायचे, "हिला कामाची हवा मानवली नाही." सगळे हसायचे. फुंकरही हसली होती. ते आठवून आज तिला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काकांच्या घरी गेली. चहाला हात न लावता तिने सगळं सांगून टाकलं, झडप, तार, शनिवार, दोन कमी केलेले लिटर. काकांचा चेहरा पडला.

"तू खोटा आकडा लिहिलास?" ते म्हणाले. "फुंकर, तू?"

"हो काका. आणि अहवालातही तसंच लिहिणार आहे. जुनी नोंद चुकीची, मोजणी मी केलीच नव्हती. काकू, मला माफ कर. नाही केलंस तरी चालेल."

काकू नवऱ्याकडे वळली. "तिच्यावर काय डोळे वटारताय? ती पोर होती, तिला घाई होती. तुम्हाला कसली घाई होती? तुमचं ऑफिस समोरच्याच गल्लीत. अकरा वर्षांत एकदा शिडी लावायची."

"माझ्या हाती कागद होता गं," काका पुटपुटले.

"आणि घरी मी होते."

काका मान खाली घालून बसले. काकू उठली, तिने पायात चपला सरकवल्या. "चल गं, मला त्या खोलीत घेऊन चल."

तिघं गेली. कोपऱ्यातली खोली तशीच होती, मासिकांचे गठ्ठे, लांब टेबल, छतातून हवेचा बारीक आवाज. काकूने आपल्या जुन्या जागेवर खुर्ची ओढली आणि हात टेबलावर पसरून बसली. फुंकरने सवयीने मीटर काढून काकांपुढे धरला. काकांनी तो घेतला नाही. ते दारातच उभे होते, बायकोकडे बघत.

"कसं वाटतंय गं?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न त्यांनी या खोलीबद्दल तिला आजवर कधीच विचारला नव्हता. काकूचे डोळे भरून आले.

"बसा आधी समोर," ती म्हणाली. "सांगते."