जयदुर्गवर झालेला अन्याय

झाडगावच्या जयदुर्ग फुटबॉल क्लबवर अन्याय होतो, हे क्लबच्या माणसांना फुटबॉलच्या नियमांपेक्षा जास्त पाठ होतं. ऑफसाइड म्हणजे काय यावर त्यांच्यात दोन तट होते. अन्यायावर एकमत होतं. अन्याय करणारं साप्ताहिक 'किनारपट्टी' दर शुक्रवारी निघे आणि जयदुर्गचा एकही माणूस ते विकत घेत नसे. निषेध म्हणून. शुक्रवारी सकाळी सगळे गोखले नाक्यावरच्या हॉटेलात जमत आणि हॉटेलवाल्याचा अंक वाचत.

वाचायचं काम बाबूचं. बाबू कचेरीत कारकून. तो खिशातून पट्टी काढी, आधी मांडवीच्या दर्यावर्दी क्लबची बातमी मोजी, मग जयदुर्गची.

"दर्यावर्दी, सव्वाचार इंच. आपण, बोटभर. तेही करंगळी."

"संपादकाची सासुरवाडी मांडवीला ना रे?"

"छे, सासुरवाडी हेदवीची. मांडवीला साडू."

"साडू! म्हणजे सासुरवाडीपेक्षा वाईट."

ते साल शहाऐंशी. जूनमध्ये मेक्सिकोचा वर्ल्ड कप टीव्हीवर दिसला होता आणि गावाची फुटबॉलची जाण एकदम वाढली होती. खेळ होता तिथेच होता. पण आता अन्याय झाला की तो आंतरराष्ट्रीय दर्जाचा वाटे.

या सगळ्यात अन्यायाविषयी काहीही न बोलणारा एक माणूस होता, तो म्हणजे शिवा घवाळी. हातखंब्याच्या बाजूचा मुलगा, मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात कामाला. बर्फाच्या लाद्या ओढून त्याच्या मांड्या अशा झाल्या होत्या की त्याने मारलेला बॉल गोलकीपर अडवत नसत, वाट देत. जयदुर्गचे बहुतेक गोल त्याचे असत. त्याचा चुलता भागोजी मुंबईत एका कंपनीत वॉचमन होता. त्या कंपनीची फुटबॉल टीम होती आणि टीममध्ये घेतलेल्या पोराला कंपनीत कायमची नोकरी मिळे. भागोजीने निरोप धाडला होता: साहेब ऐकीव गोष्टी मानत नाहीत, पेपरात नाव आलेलं कात्रण घेऊन ये. सप्टेंबरच्या शेवटच्या सोमवारी निवड. त्यानंतर नाही.

म्हणजे शिवाला पेपरात आपलं नाव हवं होतं. इंच कितीही चालले असते.

निवडीच्या आठ दिवस आधीच्या रविवारी फायनल झाली. जयदुर्गने दर्यावर्दीला दोन–शून्य हरवलं. दोन्ही गोल शिवाचे. शिट्टी वाजली तशी मंडळी शिवाला चिखलातच सोडून 'किनारपट्टी'च्या कार्यालयाकडे निघाली. बातमी छोटी येणार हे ठरलेलंच होतं, तेव्हा निषेध आधीच नोंदवलेला बरा. पुढे क्लबचे अध्यक्ष आप्पा, दोन आंब्याच्या बागांचे मालक. मागे बाबू, पट्टीसह.

संपादक भास्करराव प्रुफं तपासत होते. संपादक, बातमीदार आणि वसुली करणारे तेच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला.

"तुमच्या मॅचची बातमी कोण लिहितं, असं तुम्हाला वाटतं?"

"तुमचा बातमीदार," आप्पा म्हणाले.

"माझ्याकडे बातमीदार म्हणजे मी आणि हा चहाचा स्टोव्ह. अहो, दर्यावर्दीचा सेक्रेटरी बाबल्या प्रत्येक मॅचनंतर बातमी लिहून आणून देतो. जिंकला तरी, हरला तरी. मी तशीच छापतो. तुमच्याकडून आजवर कोण आलं?"

बाबू म्हणाला, "म्हणजे आम्ही दारात येऊन भीक मागायची?"

"आता आलातच आहात," भास्करराव म्हणाले. "उद्या लिहून द्या. एवढंच करा, महत्त्वाचं आधी लिहा. जागा संपली की खिळे लावणारा जुळारी खालच्या ओळी काढून टाकतो. त्यात काय होतं ते तो वाचत बसत नाही."

दुसऱ्या दिवशी आप्पांच्या ओटीवर बातमी लिहायला सगळा क्लब जमला. अक्षर चांगलं म्हणून लेखणी आप्पांच्या मुलीकडे, पद्मजाकडे. ती कॉलेजात होती, त्यामुळे तिला लिहिण्याची परवानगी होती, सुचवण्याची नव्हती.

"महत्त्वाचं आधी म्हणालाय हां तो," बाबूने आठवण करून दिली. "अध्यक्षांपासून घे."

अध्यक्ष आधी आले. त्यांच्या दोन्ही बागा आल्या. मग ज्यांच्या शुभहस्ते नारळ फुटला ते, ज्यांनी चषक दिला ते, ज्यांनी चषक देणाऱ्यांचा परिचय करून दिला ते. मग सखाराम मास्तरांचं भाषण, त्यातल्या श्लोकासकट. मग हाफटाइमला लिंबं पुरवणाऱ्या आनंदीबाई. आनंदीबाई घातल्यावर मंडप घालणाऱ्याला वगळणं बरं दिसेना. कोणाचं नाव कोणाच्या आधी यावर एकदा चहा फिरला, एकदा सरबत.

पद्मजाने मान वर केली. "आणि गोल कधी घालायचे?"

"येतील गो. मॅच सुरू झाल्याशिवाय गोल कसे होतील? क्रमाने घे."

शिवा खाली पायरीवर बसला होता. तो चाचरत म्हणाला, "आप्पा, माजं नाव वायच वर घेतलात तर... मुंबईला दाकवायचाय."

"अरे, तुझं सगळ्यांत शेवटी ठेवलंय," आप्पा मायेने म्हणाले. "पंगतीत श्रीखंड कधी वाढतात?"

शुक्रवारी अंक आला. बाबूने पट्टी लावली आणि त्याचा आवाज चढला. "सहा इंच! सहा!" हॉटेलभर टाळ्या पडल्या. आप्पांचं नाव ठळक होतं, बागाही होत्या, श्लोक निर्दोष छापला होता. आनंदीबाईंची लिंबं आणि मंडपवाला यांच्यानंतर शेवटचं वाक्य होतं: 'यानंतर सामन्यास सुरुवात झाली.' पुढे ताडपत्रीची जाहिरात.

जरा वेळाने कोणाच्या तरी लक्षात आलं की आपण जिंकल्याचं बातमीत कुठेच नाही.

"बघितलंत!" बाबू ओरडला. चेहऱ्यावर इतक्या वर्षांच्या तपश्चर्येचं समाधान होतं. "गोलच कापलंन! नेमके गोल! साडू तो साडू!"

"तुमीच सांगितलंत, ते खालून काढतात म्हणून," शिवा म्हणाला.

"तू गप रे. तुला राजकारण कळत नाही."

शिवाने अंक ओढून घेतला. ताडपत्रीच्या खाली चार ओळींची एक बातमी होती, बाबल्याने दिलेली. 'जयदुर्गच्या शिवा घवाळी (हातखंबा) याने केलेल्या दोन अप्रतिम गोलांमुळे दर्यावर्दी संघास अंतिम सामन्यात हार पत्करावी लागली. असा खेळाडू जिल्ह्यात दुसरा नाही.' शिवाने ती बोट लावून वाचली, मग हॉटेलवाल्याकडे ब्लेड मागितलं.

"काय करतोस?" बाबूने अंकावर हात ठेवला. "ते दर्यावर्दीचं आहे!"

"नाव माजं हाय."

"अरे, हरलेल्यांना बातमी देतात, जिंकलेल्यांना नाही, आणि तू तेच कात्रण मिरवणार? क्लबची अब्रू घालवशील! ते काही नाही. पुढच्या अंकात खुलासा छापायला लावतो, तोवर थांब."

"सोमवारी निवड हाय, बाबूभाऊ."

"निवड काय, पुढच्या वर्षीही होईल. तत्त्व आहे की नाही?"

शिवाने आप्पांकडे पाहिलं. आप्पा आपली बातमी तिसऱ्यांदा वाचत होते. शिवाने बाबूचा हात उचलून बाजूला ठेवला, चार ओळी कापल्या आणि अंकाचे पैसे हॉटेलवाल्यापुढे ठेवून तो एस.टी. स्टँडकडे चालू लागला.

क्लबने त्याच दुपारी ठराव करून त्याला काढून टाकलं. दसऱ्याच्या आत भागोजीचं कार्ड आलं: पोरगं लागलं.

मंडळी पुन्हा नाक्यावर जमली होती. त्या मोसमात गोल करायला कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे बोलायला वेळ भरपूर होता.

"आता मुंबईच्या पेपरात शिवाचं नाव येईल," सखाराम मास्तर म्हणाले. "त्यात आपल्या क्लबचा उल्लेख करतील का हो?"

बाबू हसला. मोठ्या माणसाने लहान मुलाकडे पाहून हसावं तसा.

"मुंबईचे पेपर? मास्तर, ते तर केव्हाच फितलेत."