निळी चमकी

झुरी खंगत चालली होती. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली, डोळ्यांच्या आतली कड कागदासारखी पांढरी. पोटातले जंत रक्त पीत होते. यंदा पाऊस बरेच दिवस पडत राहिला, कुरणात गवत कमरेएवढं वाढलं आणि आमच्या प्राणिसंग्रहालयातल्या दोन्ही जिराफ माद्यांना जंत झाले.

औषध आम्ही काकवीत कालवून खुराकात घालतो. शिवाय चमकी, पोरं शाळेत कागदावर चिकटवतात तशीच, पण पोटाला न बाधणारी. झुरीच्या घमेल्यात निळी, मकेनाच्या घमेल्यात लाल. म्हणजे कुठली लेंडी कुणाची ते कळतं.

माझा नवरा डॅरिल वारल्यावर मी रजेवर होते, तेव्हा हे काम माझ्याबरोबरचा क्लिंट करायचा. मी परत आल्यावर तो म्हणाला, "झुरी झकास खातेय गं. घमेलं चाटूनपुसून साफ!"

मी बरं म्हटलं. तेव्हा मी सगळ्यालाच बरं म्हणत होते. डॅरिलला जाऊन महिना झाला होता आणि मला काहीच वाटत नव्हतं. रडूही येत नव्हतं. त्याचे बूट दारात होते तसेच होते, मी ते ओलांडून जायचे.

मग डॉक्टर सिनानं बोलावलं. टेबलावर लेंड्यांचे दोन ढीग होते.

"ही बघ मकेनाची. लाल आहे, निळीही आहे. आणि ह्या दुसऱ्या ढिगात चमकीच नाही. नुसती अंडीच अंडी."

क्लिंटचा चेहरा पडला. "म्हणजे त्या भवानीनं दोन्ही घमेली हाणली?"

"तू उभा नव्हतास तिथं?"

"रिकामं घमेलं दिसलं की झालं ना, डॉक्टर! आणखी काय बघायचं?"

"झुरी वाचेल का?" मी विचारलं.

"औषध पोटात गेलं तर. उशीर झालाय, लोरेन."

तेव्हापासून मी घमेल्यापाशी उभी राहायला लागले. मकेना मान लांबवून आली की फाटक लोटून तिला पलीकडे ठेवायचं. झुरी हुंगायची, तोंड फिरवायची. मी हलत नव्हते. "खा गं बाई, मला कुठं जायचंय?" शेवटी तिनं जीभ काढली.

दोन-तीन दिवसांनी क्लिंट ओंजळीत लेंड्या घेऊन धावत आला. "निळी! लोरेन, नुसती निळी!" मला मिठी मारायला निघाला, मग स्वतःचे हात बघून थांबला. मी हसायला हवं होतं.

"एक बोलू?" तो म्हणाला. "तुझा कुत्रा अंगानं फार सुटलाय. परवा मला ओळखूच आला नाही."

मी रिकामं घमेलं उचलून धुवायला नेलं.

संध्याकाळी शेजारची जॉइस आली. तिच्या हातात मटणाच्या खिम्यावर बटाटा थापून भाजलेलं ताट होतं. डॅरिल गेल्यापासून ती काही ना काही आणते आणि दुसऱ्या दिवशी धुतलेलं भांडं घेऊन जाते.

"कालचं सगळं संपवलंस, शहाणी ती," ती म्हणाली आणि रिकामं भांडं काखेत मारून निघाली. कुत्रा शेपटी हलवत ताटापाशी आला.

"जॉइस," मी म्हटलं. "जाऊ नकोस. मी खाईपर्यंत इथंच बस."