दोन डाव्या बाह्या

मी एक डबी आहे. पत्र्याची, चपटी, तळहातात मावेल एवढी. आज माझ्यात शिंप्याचे खडू आहेत, दोन पांढरे आणि एक निळा. पण माझं झाकण नाकाशी नेलंत तर अजून तंबाखूचा पुसट वास येईल. तो वास कुठला आणि हे खडू कसे आले, एवढंच सांगायचं आहे.

मला दुकानातून घेतलं ते एका बाईंनी, नवऱ्यासाठी. नवरा शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, मीही म्हणते. सिगारेटचं पाकीट खिशात चुरगळतं आणि धुताना शिवणीतून तंबाखू निघते, अशी बाईंची तक्रार होती. तेव्हा बाईंना खोकला नव्हता.

घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. लांब टेबल, शिलाई मशीन आणि खिडकीशी बाईंची खुर्ची. मास्तर कापायचे, शिवायचे. काजं-बटणं बाई करायच्या. हाताबरोबर तोंडही चालू असायचं. मास्तर कुणाच्या कमरेचं माप वाचून दाखवायचे आणि बाई मान वर न करता म्हणायच्या, "दोन इंच जास्त धरा. माप देताना त्यांनी पोट आत घेतलं होतं."

मास्तरांची एक पद्धत होती. कापडावर खडूनं आखून झालं की कात्री लगेच उचलायची नाही. आधी मला उचलायचे, दाराबाहेरच्या पायरीवर बसून एक सिगारेट ओढायचे आणि परत येताना दारातूनच टेबलाकडे बघायचे. काही चुकलं असेल तर तिथून दिसायचं. मग कात्री. दिवसातून दहा-बारा वेळा माझं झाकण वाजायचं. मला वाटायचं, हे दुकान माझ्यावरच चाललंय.

धूर मात्र पायरीवर थांबायचा नाही. बाईंना खोकला लागला, तो गेलाच नाही. आधी त्यांनी खुर्ची कोपऱ्यात नेली, मग आतल्या खोलीत. डॉक्टर म्हणाले, यांच्या छातीला धूर सोसणार नाही. मास्तर मापं मोठ्यानं सांगू लागले. आतून उत्तर द्यायला गेल्या की बाईंना ढास लागायची. मग मास्तरांनी मापं सांगणंच सोडलं. खोलीत नुसतं मशीन बोलायचं.

एका सकाळी मास्तरांनी मला खणात ठेवलं. आत दोन सिगारेटी उरल्या होत्या. ते आत जाऊन म्हणाले, "आजपासून बंद. तू खुर्ची पुढे आण."

बाई म्हणाल्या, "महिनाभर बघते. मग आणते."

खणातले दिवस मला आठवतात. मास्तर खण उघडायचे, मला बोट लावायचे आणि खण ढकलून द्यायचे. दोऱ्याची टोकं चावायचे. एकदा लहानग्या लेकीवर उगाच खेकसले, मग तासभर तिच्या बाहुलीचा झगा शिवत बसले. खोटं कशाला बोलू, मला वाटायचं त्यांनी परत यावं. रिकामी डबी कोण ठेवतं?

एकोणिसाव्या दिवशी मुख्याध्यापकांचा कोट टेबलावर होता. कापड जेमतेम. घडी घालून दोन्ही बाह्या एकदम कापता येईनात, म्हणून मास्तरांनी बाहीच्या आकाराचा कागद ठेवून एकेक बाही वेगळी आखली. दुसऱ्या बाहीला कागद उलटायचा असतो. तो उलटायचा राहिला. पायरीवर जायचं काही कारण उरलं नव्हतं, म्हणून आखल्या आखल्या कात्री चालवली. दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या.

वीस वर्षांत अशी चूक झाली नव्हती. मास्तरांनी खण उघडला, मला घेतलं आणि पायरीवर जाऊन बसले. सिगारेट ओठात, काडी हातात. काडी पेटवायची तेवढी राहिली होती.

बाई येऊन शेजारी बसल्या.

"हिच्याशिवाय माझं काम व्हायचं नाही," मास्तर म्हणाले.

"अहो, चूक काय सिगारेट शोधायची का? तुम्ही दारातून बघायचात म्हणून सापडायची. पायरीवर बसायला कोण नको म्हणतंय? मी बसते सोबत."

मास्तरांनी ओठातली सिगारेट काढली. बाईंनी मला त्यांच्या हातातून घेतलं, कचऱ्याच्या टोपलीवर उलटं केलं, धुतलं आणि खिडकीत उन्हाला ठेवलं. वाळल्यावर माझ्यात खडू भरले.

मुख्याध्यापकांकडे मास्तर स्वतः गेले. त्यांनी शिक्षा म्हणून 'कागद उलटायचा' असं शंभर वेळा लिहून आणायला सांगितलं आणि हसून कोट महिनाभरानं चालेल म्हणाले.

तेव्हापासून आखून झालं की मास्तर मला घेऊन पायरीवर बसायचे. एक खडू काढायचा आणि पातं घेऊन त्याची कड तासायची. खडूला धार येईपर्यंत तलफ निघून जायची. एखाद्या वाईट दिवशी दोन खडू संपायचे. तिसाव्या दिवशी बाईंनी खुर्ची खिडकीशी आणून ठेवली आणि बटणांचा डबा मांडीवर घेतला. मास्तरांनी घसा खाकरला आणि कुणाच्या तरी कमरेचं माप वाचलं.

त्या खुर्चीत बाई पुढे खूप वर्षं बसल्या. आता नाहीत. मास्तर तिथे बसतात, डोळ्यांना फारसं दिसत नाही. कापते ती लेक. तिनं कधी सिगारेटला हात लावलेला नाही, पण आखून झालं की मला घेऊन पायरीवर जाते, खडू तासते आणि दारात थांबून टेबल बघते.

"दिसलं काही?" मास्तर विचारतात.

"नाही बाबा. बरोबर आहे."

कधी ते मला मागून घेतात, झाकण उघडून नाकाशी धरतात. परवा लेकीनं विचारलंच, "अजून तलफ येते?"

"नाही गं," ते म्हणाले. "तुझ्या आईनं उन्हात ठेवली होती ना ही, त्या दिवशी हिला असाच वास येत होता."

माझं झाकण सैल झालंय, कडेला गंज धरलाय. मला टाकायची वेळ एक दिवस येईल. त्या दिवशी घाई करू नका. मला घेऊन क्षणभर पायरीवर बसा, दारातून एकदा आत खिडकीकडे बघा, आणि मग ठरवा.