जीवखडा

माझ्या भावाला, जयवंतला, मार्तंडने घाटकोपरच्या पाइपलाइनजवळ सळईने फोडलं. कारण एवढंच, की संप वर्षभर लांबला, घरात चूल पेटेना, म्हणून जयवंत संप मोडून गुपचूप गिरणीत कामावर गेला. मार्तंड आमच्याच चाळीतला, आमच्या ताटात जेवलेला. जयवंत दोन दिवस हॉस्पिटलात तडफडून गेला. मार्तंड मोकळाच, कारण साक्ष द्यायला कुणाची छाती नव्हती.

दहाव्याला मुलुंडच्या खाडीवर पिंड मांडला. शेजारी जीवखडा, म्हणजे चितेभोवती फिरताना ज्याने मडकं फोडलं तो दगड. दहा दिवस मेलेल्याचा जीव त्यात बसतो म्हणतात. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण कावळे झाडावर बसून राहिले, एकही पिंडाला शिवायला येईना, तेव्हा माझी टरकली. जयवंत सुटला नाही तर? आयुष्यभर पिचला, मेल्यावरही लटकणार?

"त्येची इच्छा रवली आसा," रामनाथकाका म्हणाले. "शब्द दी त्येका, लवू."

मी हात जोडले. "जया, मार्तंडला सोडणार नाही. त्याचंही डोकं असंच फोडीन." कावळे ढिम्म. काकांनी पोरांच्या शिक्षणाचा शब्द दिला. तरी ढिम्म.

मग शेवंती वहिनी पुढे झाली. पिंडासमोर वाकून काहीतरी पुटपुटली. एक कावळा फडफडत उतरला आणि उड्या मारत पिंडाकडे येऊ लागला. कुणी हलेना.

तेवढ्यात मागून हुंदका आला. वळून बघतो तर मार्तंड, हात जोडून उभा.

"लवू, एकदा पाया पडू दे यार त्याच्या..."

माझं टाळकं सटकलं. हाताशी होता तो जीवखडा उचलला आणि त्याच्या कपाळावर हाणला. तो आडवा झाला. मी छातीवर बसून पुन्हा हाणला. नाकाचं हाड मोडलेलं हाताला कळलं आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. तिसऱ्या घावाला त्याचे दात तुटले, रक्त माझ्या तोंडावर उडालं. त्याने अडवायला हातसुद्धा वर केला नाही. चौघांनी मला ओढून काढलं.

झाडावर एकही कावळा उरला नव्हता. भटजींनी घाईघाईत दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि पिशवी उचलून चालू लागले.

"फेडलं वहिनी," मी धापा टाकत म्हणालो. "जयाचं फेडलं मी."

ती माझ्या मुठीतला दगड सोडवू बघत होती. रडत नव्हती.

"हॉस्पिटलात एकदाच शुद्धीवर आले होते, भावजी. म्हणाले, लवूला आवर, तो मार्तंडला मारील. मी आत्ता पिंडासमोर तेच कबूल केलं होतं. तेव्हा कुठे कावळा उतरला."

माझी बोटं काही केल्या उघडेनात. भावाला सोडवायला आलो होतो मी, आणि मीच त्याला अडकवून ठेवलं.